रुमाल टाकून अडवलेली झोप

दुपारी तीनला आमच्या ऑफिसात चहावाला येतो तेव्हा निम्मी मंडळी संगणकासमोर नुसते डोळे उघडे ठेवून बसलेली असतात. किटलीचा आवाज आला की माना वर होतात. मीही त्यातलाच. दिवसाला पाच-सहा कप कधी व्हायला लागले ते कळलंच नाही. गेल्या उन्हाळ्यात पित्ताने हैराण झालो आणि एका सोमवारी चहा एकदम बंद करून टाकला. मंगळवारी दुपारी डोकं असं ठणकायला लागलं की दिवा नको, आवाज नको. गुरुवारी कुठे ते उतरलं. असं का झालं ते वाचायला बसलो आणि लक्षात आलं, इतकी वर्षं चहाने माझी झोप उडवलीच नव्हती. अडवून धरली होती.

मेंदूच्या पेशी दिवसभर ऊर्जा खर्च करत राहतात आणि त्या खर्चातून ॲडिनोसिन नावाचं रसायन साचत जातं. जितका वेळ जागे, तितका साठा जास्त. पेशींवर त्याच्यासाठी ठरलेल्या जागा असतात. तिथे ते बसलं की मेंदूचा वेग मंदावतो, डोळे जड होतात. चहातल्या कॅफिनचा रेणू दिसायला ॲडिनोसिनसारखाच. तो त्याच जागांवर जाऊन बसतो, पण काम काहीच करत नाही. एसटी फलाटाला लागते न लागते तोच खिडकीतून रुमाल टाकून सीट धरावी, तसं. ॲडिनोसिन गाडीत असतंच, फक्त उभं असतं, आणि दर थांब्याला आणखी चढत राहतं. रुमाल उचलले गेले की सगळे एकदम बसून घेतात. चहाचा असर ओसरल्यावर आधीपेक्षा जास्त गळल्यासारखं वाटतं ते म्हणून.

रोजच रुमाल पडतात म्हटल्यावर शरीर सीटाच वाढवतं. मग तेवढ्याच तरतरीला जास्त कप लागतात. चहा अचानक थांबला की त्या सगळ्या वाढीव सीटा ॲडिनोसिनला मोकळ्या मिळतात, मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि डोकं दुखतं. माझा मंगळवार तो हाच. (सोडायचाच असेल तर दर दोन-तीन दिवसांनी एकेक कप कमी करावा. माझ्यासारखा पराक्रम नको.) शिवाय शरीरातलं कॅफिन निम्मं व्हायला साधारण 5 तास लागतात. म्हणजे तीनच्या चहातलं निम्मं कॅफिन रात्री आठलाही अंगात असतं आणि मध्यरात्रीनंतरही पाव भाग उरतो. रात्रीची झोप त्याने उथळ होते, दुसऱ्या दिवशी तीनला पुन्हा किटली.

तीनच्या पेंगेचं खापर आपण वरण-भातावर फोडतो. भरपेट जेवणाने ती वाढते हे खरं, पण जेवण न केलेल्या माणसांनाही दुपारी ही उतरण लागतेच. ती शरीरातल्या घड्याळाची आहे. दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूत जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या जरा वर सुमारे 20,000 पेशींचा एक पुंजका असतो, तेच हे घड्याळ. त्याला चावी मिळते उजेडाची. नेत्रपटलात काही पेशी अशा आहेत की त्यांचं मुख्य काम चित्र दाखवणं नाहीच. त्या किती उजेड आहे एवढंच मोजून घड्याळाला कळवतात, आणि निळसर प्रकाशाला सगळ्यात जास्त दाद देतात. काही पूर्ण अंध माणसांमध्येही त्या शाबूत असतात, म्हणून त्यांचं दिवस-रात्रीचं चक्र चालू राहतं.

इथे आपली मोठी फसगत होते. ट्यूबलाइट लावलेलं ऑफिस डोळ्यांना लख्ख वाटतं, पण तिथे उजेड असतो 300 ते 500 लक्स (लक्स हे उजेड मोजायचं माप). ढगाळ दिवशीही बाहेर 10,000 लक्सच्या आसपास असतो, कडक उन्हात लाखापर्यंत. सकाळचा अर्धा तास गॅलरीत किंवा रस्त्यावर काढला तर घड्याळाला दिवस उजाडल्याचं नीट कळतं. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त फरक याच एका गोष्टीने पडला, आणि त्याला पैसाही लागला नाही.

दुसरा उपाय आपल्या आजोबांना ठाऊक होता: वामकुक्षी. ‘नासा’ने लांब पल्ल्याच्या विमानांतल्या वैमानिकांना पाळीपाळीने 40 मिनिटं डुलकीला दिली होती. त्यांना झोप लागली सरासरी 26 मिनिटं, आणि पुढच्या प्रवासात ते न झोपलेल्यांपेक्षा जास्त सावध राहिले. मात्र पाऊण-एक तास झालं की माणूस गाढ झोपेत उतरतो. तिथून उठवलं की डोकं बधिर, तोंड कडू, आणि रात्री झोप येत नाही. दुकानावर ‘1 ते 4 बंद’ अशी पाटी लावणाऱ्यांनी यातला जेवणाचा वेळ वजा धरावा. वीस मिनिटांचा गजर लावून आडवं व्हावं, बस.

ऑफिसात आडवं कुठे होणार? मग जिना. अमेरिकेत जॉर्जिया विद्यापीठाच्या 2017 सालच्या एका अभ्यासात झोप अपुरी असलेल्या तरुणींना 10 मिनिटं जिना चढ-उतार करायला लावला. 50 मिलिग्रॅम कॅफिनपेक्षा, म्हणजे साधारण एक कप चहापेक्षा, त्याने जास्त तरतरी वाटली. ती फार टिकली नाही, आणि लक्ष व स्मरणशक्तीच्या चाचण्यांत मोठा फरक पडला नाही, हेही सांगायला हवं.

आणि पुरेशी झोप होऊनही महिनोन्‌महिने थकवा जात नसेल, तर जिने चढण्याआधी हिमोग्लोबिन तपासावं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) 15 ते 49 वयाच्या 57 टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्ताल्पता आढळली. घरात ‘तिला जरा आळसच आहे’ म्हणून जे खपवलं जातं, ते कित्येकदा लोहाची कमतरता असते. थायरॉइड आणि झोपेतलं जोरदार घोरणं हेही डॉक्टरांच्या कानावर घालण्यासारखं.

आता तीनला किटली वाजली की मी गच्चीकडे निघतो. चार मजले चढायचे, उन्हात थोडं थांबायचं, खाली यायचं. चहावाला आठवडाभर काही बोलला नाही. मग एक दिवस जिन्यातच गाठून म्हणाला, “साहेब, आमच्या चहात काही कमी पडलं का?” त्याला रुमालाचं काय सांगणार! सकाळचा एक कप मी सोडलेला नाही. तो घरी न घेता दहा वाजता त्याच्याकडूनच घ्यायला लागलो.