विज्ञानेश्वर

विज्ञानेश्वर (अकराव्या शतकाचा उत्तरार्ध ते बाराव्या शतकाचा पूर्वार्ध) : याज्ञवल्क्यस्मृती या धर्मशास्त्राच्या ग्रंथावरील ‘मिताक्षरा’ या टीकेचे, म्हणजे भाष्याचे, कर्ते. वडिलोपार्जित मिळकतीत मुलाचा हक्क जन्मतःच उभा राहतो, या तत्त्वाची हिंदू कायद्यातील भक्कम मांडणी त्यांची. वडिलांचे नाव पद्मनाभभट्ट, गोत्र भारद्वाज. कल्याणीचा चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य (कारकीर्द १०७६–११२६) याचे ते समकालीन. हे कल्याण म्हणजे आजचे बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण, ठाण्याजवळचे नव्हे. ‘कल्याणासारखे नगर पृथ्वीवर झाले नाही, आज नाही, पुढेही होणार नाही’ असे त्यांनी ग्रंथाच्या शेवटी लिहून ठेवले आहे. ते स्वतः परमहंस संन्यासी होते. घरदार सोडलेल्या माणसाने घरादाराच्या वाटणीचा इतका बारीक विचार करावा, याचे नवल वाटल्याशिवाय राहत नाही.

मिताक्षरा म्हणजे मोजक्या अक्षरांची. तिच्या दायविभाग, म्हणजे वारसा-वाटणीच्या, प्रकरणात विज्ञानेश्वर एक मूळ प्रश्न घालतात : वाटणी झाली म्हणून मालकी येते, की मालकी आहे म्हणून वाटणी होते? धारचा राजा भोज याच्यासारख्या पूर्वसूरींचे मत खोडून ते दुसरी बाजू घेतात. मालकी आधीची, वाटणी फक्त हिस्सा वेगळा करून दाखवते. त्याहून धीट त्यांचे पुढचे म्हणणे. मालकी ही शास्त्राने दिलेली वस्तू नाही, ती लौकिक आहे. कारण ज्यांनी शास्त्र कधी पाहिलेले नाही असे सीमेवरचे लोकही खरेदी-विक्री करतातच. धर्मशास्त्राच्या ग्रंथात हे विधान यावे, यातच त्यांची थोरवी आहे.

दायाचे, म्हणजे वारसाने येणाऱ्या मिळकतीचे, त्यांनी दोन प्रकार मानले. बाप-आज्याची मिळकत ‘अप्रतिबंध’, म्हणजे मुला-नातवाच्या हक्काला आडकाठी नसलेली. निपुत्रिक चुलत्याची किंवा भावाची ‘सप्रतिबंध’; मालक हयात आहे तोवर तिच्यावर हक्क नाही. बापाने स्थावर परस्पर विकू नये, कारण जन्मलेले, अजून न जन्मलेले आणि गर्भात असलेले असे सगळेच निर्वाहाची अपेक्षा धरून असतात, असे वचन ते देतात. आपत्काल, कुटुंबाचा निर्वाह आणि धर्मकृत्य एवढ्यांसाठी मात्र सूट. वडिलोपार्जित जमिनीच्या विक्रीवर दावा लागला की ‘कायदेशीर गरज’ होती का हे कोर्ट तपासते, त्याची मुळे इथे आहेत.

सपिंड, म्हणजे जवळचा नातलग, या शब्दाचा अर्थ त्यांनी श्राद्धाच्या पिंडावरून नव्हे, एका शरीराच्या अवयवांच्या संबंधावरून, म्हणजे रक्ताच्या नात्यावरून लावला. बंगालचे धर्मशास्त्रकार जीमूतवाहन नेमके याच्या उलट, पिंडाच्या बाजूने गेले. तिकडे त्यांचा ‘दायभाग’ हा ग्रंथ चालला, उरलेल्या बहुतेक भारतात मिताक्षरा. स्त्रीधनाबाबत, म्हणजे स्त्रीच्या स्वतःच्या मालकीच्या धनाबाबत, याज्ञवल्क्याच्या श्लोकातील ‘आद्य’ या एका शब्दावर बोट ठेवून त्यांनी वारसाने, खरेदीने आणि वाटणीत मिळालेले धनही स्त्रीधनात बसवले. ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने हा अर्थ पुरता स्वीकारला नाही. स्त्रियांचे त्यात मोठे नुकसान झाले.

मिताक्षरेवर विश्वेश्वरभट्टांची ‘सुबोधिनी’ आणि काशीच्या पायगुंडे या मराठी घराण्यातील ‘बाळंभट्टी’ या टीका प्रसिद्ध आहेत. बाळंभट्टी लक्ष्मीदेवी यांच्या नावे आहे. इंग्रज संस्कृत पंडित कोलब्रुक यांनी १८१० मध्ये दायविभागाचे इंग्रजी भाषांतर केले आणि ब्रिटिश न्यायालयांत मिताक्षरा प्रमाण झाली. मुंबई इलाख्यात तिच्याबरोबर नीलकंठभट्टांचा ‘व्यवहारमयूख’ हा ग्रंथही चाले. वारलेल्या मुलाच्या मिळकतीला मिताक्षरेप्रमाणे आधी आई वारस, मयूखाप्रमाणे आधी बाप. त्यामुळे पुणे-रत्नागिरीकडे एक निकाल, तर मुंबई बेट आणि गुजरातेत दुसरा.

जन्मसिद्ध हक्क शतकानुशतके मुलग्यांपुरताच राहिला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून मुलींनाही जन्मतः सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीतील हिस्सेदार, ठरवले. त्या तारखेला वडील हयात असायला हवेत का, हा वाद २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मिटवला. सहदायकी, म्हणजे अशी सामाईक मिळकत, हा अप्रतिबंध दाय आहे, हक्क जन्माने येतो, म्हणून वडील हयात असण्याची अट नाही, असा तो निकाल आहे.