साठीनंतर चालल्याने गुडघे झिजतात?

"साठी उलटली, आता चालणं कमी करा, गुडघ्याची वाटी झिजते." बेळगाव, खानापूर, निपाणीच्या ग्रुपांवर हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. निवृत्तीनंतर कारवार-माजाळीकडे किंवा वेंगुर्ल्याला समुद्रकाठी घर केलेली मंडळीही मग व्हरांड्यातच बसून राहतात. समज पटण्याजोगा आहे. बैलगाडीचं चाक वापराने झिजतं, मग गुडघा का नाही?

कारण कूर्चा, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेली गुळगुळीत गादी, जिवंत असते. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. पोषण मिळतं ते मुख्यतः सांध्यातल्या द्रवातून. पाऊल टेकलं की ती दबते, उचललं की सुटते आणि तेवढ्यात द्रव आत-बाहेर होतो. बसून राहिलं की हे मंदावतं, वर मांडीचे स्नायू रोडावतात. गुडघे बिघडण्यामागे वय, वाढलेलं वजन, जुनी दुखापत, आनुवंशिकता असते. उकिडवं बसून केलेली कष्टाची कामंही आलीच.

पडताळा घरीच घ्या. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीतून, हात छातीवर बांधून, 30 सेकंदांत किती वेळा उठता ते मोजा. (तोल जात असेल तर शेजारी कुणीतरी हवं.) दोन महिने चालणं आणि थोडी उठबस करून पुन्हा मोजा. आठवड्याला 150 मिनिटं चालायचं, तेही तुकड्यातुकड्यांनी चालतं.

वाळूत मात्र जपून. कोरड्या वाळूत पाय रुततो, दम लागतो. ओहोटीला उघडी पडलेली ओली, घट्ट पट्टी बरी. किनारा उतरता असतो, म्हणून त्याच वाटेने परत या. ताण दोन्ही पायांना सारखा बसतो. गुडघा सुजला, गरम लागला किंवा अडकला, तर आधी डॉक्टरांना दाखवा.