भिंतीवरचे खाडे

आईच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारच्या भिंतीवर कॅलेंडर टांगलेलं असायचं आणि त्याच खिळ्याला दोऱ्याने बांधलेलं एक बॉलपेन. सिलिंडर कधी लावला, इस्त्रीला किती कपडे गेले, भिशीचा हप्ता कधी दिला, सगळा संसार त्या चौकटींत मावायचा. दुधाचा रतीब रोज एक लिटर ठरलेला, म्हणून ते एक लिटर कुणी लिहीत नसे. लिहायचं ते काही वेगळं घडलं तरच: ‘दूध नाही’, नाहीतर ‘अर्धा जास्त’. भांडी घासायला येणाऱ्या बाई आल्या नाहीत की त्या दिवसावर फुली. फुली म्हणजे खाडा. महिनाअखेरीस आई फुल्या मोजायची, की झाला हिशोब.

त्या बाई महिन्यातले सत्तावीस-अठ्ठावीस दिवस येऊन गेलेल्या असायच्या. पावसात, सणावारी, कधी अंगात कणकण असताना. त्याची खूण मात्र कॅलेंडरवर कुठेच नसायची. कोरी चौकट म्हणजे सगळं ठीक, एवढंच.

मेंदूविज्ञान वाचायला लागल्यापासून हे कॅलेंडर मला सारखं आठवतं, कारण आपला मेंदूही हिशोब याच पद्धतीने ठेवतो.

वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञांनी माकडांवर केलेले प्रयोग आता पाठ्यपुस्तकांत गेले आहेत. मेंदूच्या मध्यभागी डोपामिन नावाचं रसायन वापरणाऱ्या काही पेशी असतात. माकडाच्या तोंडात अचानक फळांच्या रसाचा थेंब पडला की या पेशी भराभर संदेश सोडू लागत. मग शुल्ट्झ यांनी थेंबाच्या आधी एक खूण द्यायला सुरुवात केली. खूण झाली की थोड्या वेळाने रस, दर वेळी. माकड याला सरावलं तशा त्या पेशी खुणेलाच उसळू लागल्या आणि प्रत्यक्ष रस तोंडात पडला तेव्हा गप्प राहिल्या. रस तोच आणि तितकाच गोड, फक्त आता तो येणार हे ठाऊक होतं. पुढची गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटते. एके वेळी खूण दिली, पण रस दिलाच नाही. रस यायला हवा होता नेमक्या त्या क्षणी या पेशींचं एरवी संथपणे चालू असलेलं कामही मंदावलं. माकडाच्या मेंदूत खाडा मांडला गेला होता.

१९९७ साली शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड मॉन्टेग्यू यांनी या सगळ्यामागचं गणित मांडलं. या पेशी बक्षीस मोजत नाहीत, अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतला फरक मोजतात. अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं की अधिक, कमी मिळालं की उणे, ठरल्याप्रमाणे मिळालं की शून्य. शिकण्यासाठी ही फार काटकसरी सोय आहे, कारण जे आधीच कळलंय ते पुन्हा शिकण्यात शक्ती कशाला घालवायची? माकडाच्या पेशींवरून उडी मारून माणसाच्या कृतज्ञतेवर पोहोचणं अर्थातच घाईचं ठरेल. माणसाच्या भावना एका रसायनावर चालत नाहीत. तरी सकाळी साडेसहाला नळाला पाणी आलं तर आपल्याला काही वाटत नाही आणि आलं नाही तर सगळी सोसायटी जिन्यात उभी राहते, हे पाहिलं की ते शून्य आणि ते उणे ओळखीचं वाटतं.

आपल्याकडे याला नव्याचे नऊ दिवस म्हणतात. फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली हे नऊ दिवस तपासले. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याच्या लॉटरीत मोठी रक्कम जिंकलेल्या २२ जणांना त्यांनी प्रश्न विचारले आणि उत्तरं त्याच भागातल्या साध्या लोकांच्या उत्तरांशी ताडून पाहिली. लॉटरीवाले इतरांपेक्षा फारसे सुखी निघाले नाहीत, हा भाग सगळीकडे सांगितला जातो. (पुढे स्वीडनमध्ये हजारो विजेत्यांवर झालेल्या अभ्यासात मोठ्या बक्षिसाने आयुष्याबद्दलचं समाधान बरीच वर्षं वाढलेलं दिसलं. तेव्हा पैशाने काहीच होत नाही असं या २२ जणांवरून म्हणू नये.) मला मात्र त्यातलं एक दुर्लक्षित राहिलेलं निरीक्षण महत्त्वाचं वाटतं. मित्राशी गप्पा मारणं, सकाळचा नाश्ता, एखादा विनोद ऐकणं, कुणी कौतुक करणं अशा रोजच्या गोष्टींत किती आनंद मिळतो, हेही त्यांनी विचारलं होतं. लॉटरीवाल्यांनी या गोष्टींना इतरांपेक्षा कमी गुण दिले. मोठ्या आनंदामुळे अपेक्षेची पट्टीच वर सरकली आणि नाश्ता त्या पट्टीखाली गेला.

मग ही पट्टी हाताने थोडी खाली आणता येते का? रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग याच प्रश्नाभोवती आहेत. कॉलेजातल्या मुलांचे तीन गट केले. पहिल्या गटाने आठवड्यातून एकदा, गेल्या आठवड्यात जिच्याबद्दल कृतज्ञ वाटलं अशा गोष्टी लिहायच्या, जास्तीत जास्त पाच. दुसऱ्याने कटकटी लिहायच्या, तिसऱ्याने काय घडलं तेवढंच. असं दहा आठवडे चाललं. मुलांनी लिहिलेल्या गोष्टी अगदी साध्या होत्या. एकाने तर आज सकाळी जाग आली, एवढंच लिहिलं होतं. शेवटी पहिल्या गटातली मुलं आपल्या आयुष्याबद्दल आणि येणाऱ्या आठवड्याबद्दल जास्त समाधानाने बोलत होती, त्यांच्या दुखण्याखुपण्याच्या तक्रारी कमी होत्या, आणि कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा आठवड्याला तासाभराहून जास्त व्यायाम करत होती. यातले काही फरक कटकटवाल्यांशी तुलना केली तरच ठळक दिसतात, हे इथे सांगायला हवं. कटकटी मोजत बसल्याने मन खाली जात असेल, तर पहिला गट आपोआपच उंच दिसणार.

याच संशोधनातल्या तिसऱ्या प्रयोगावर माझा जास्त विश्वास आहे. त्यात स्नायू आणि मज्जातंतूंच्या आजारांशी झगडणारी ६५ माणसं होती. काहींनी २१ दिवस रोज कृतज्ञतेची नोंद केली, बाकीच्यांनी फक्त ठरलेले तक्ते भरले. नोंद करणाऱ्यांची झोप वाढली, उठल्यावर जास्त ताजंतवानं वाटू लागलं. शिवाय त्यांच्या जवळच्या माणसांना विचारलं तेव्हा त्यांनीही फरक दिसतो म्हणून सांगितलं. दुखणं होतं तेवढंच होतं. कॅलेंडरवर फुल्यांशेजारी दुसरंही काहीतरी लिहिलं जाऊ लागलं होतं.

रोज लिहावं की आठवड्यातून एकदा, यावर एकमत नाही. सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या एका प्रयोगात सहा आठवडे काहींनी आठवड्यातून एकदा लिहिलं, काहींनी तीनदा. फायदा झाला तो एकदा लिहिणाऱ्यांना. तीनदा लिहिणाऱ्यांना बहुधा ते लिहिणंच अंगवळणी पडलं. जेवणाआधीचा श्लोक पानात वरण वाढेपर्यंत आपोआप म्हणून होतो आणि मन आमटीकडे असतं, तसंच काहीसं. रविवारी संध्याकाळी दहा मिनिटं, एवढं मला मानवलं. त्याहून जास्त केलं की मी ‘तब्येत, घर, नोकरी’ असं हजेरी घेतल्यासारखं लिहू लागते.

अशी गुळगुळीत नोंद टाळण्याची एक युक्ती मिनक्युंग कू, टिमोथी विल्सन, डॅनियल गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांच्या २००८ सालच्या संशोधनात आहे. त्यांनी काही जोडप्यांतल्या माणसांना आपला जोडीदार कसा भेटला ते लिहायला सांगितलं आणि काहींना तो कसा भेटलाच नसता ते. ‘भेटलाच नसता’ लिहिणारे नंतर आपल्या नात्याबद्दल जास्त समाधानी दिसले. आपण उगाच अभद्र बोलू नये म्हणतो, त्यामुळे हे उलटं वाटेल. पण शुल्ट्झ यांची माकडं आठवली की त्यामागचं कारण सुचतं. असलेली गोष्ट मनातल्या मनात काढून पाहिली की ती पुन्हा अनपेक्षित होते, आणि शून्याचं अधिक होतं.

मी हे आमच्या पोळ्यावाल्या मावशींच्या बाबतीत करून पाहिलं. एप्रिलमधला मंगळवार होता. ऑफिसातून आले तर ओट्यावर ताटलीखाली झाकून किसलेली कैरी ठेवलेली, बाजूला गुळाचा खडा. मी कैऱ्या आणून दोन दिवस टोपलीत तशाच ठेवल्या होत्या. त्या मऊ पडायला लागलेल्या मावशींनी पाहिल्या आणि पोळ्या झाल्यावर किसून टाकल्या. त्यांचं काम पोळ्यांचं आहे. कैरी किसायला किमान पंधरा मिनिटं लागली असणार आणि त्यांना पुढची दोन घरं करायची होती. रविवारी मी त्या मंगळवारच्या चौकटीत लिहिलं, ‘मावशींनी न सांगता कैरी किसली’. मग मनात म्हटलं, चार वर्षांपूर्वी खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी मावशींचा फोन नंबर दिला नसता तर? त्या दिवशी मी लिफ्टने गेले असते तर वहिनी जिन्यात भेटल्याच नसत्या. तो जिना मला अजून स्वच्छ आठवतो.

दोन दिवसांनी मावशींनी चौकटीत आपलं नाव पाहिलं. आधी त्यांचा चेहरा उतरला. कॅलेंडरवर आपलं नाव म्हणजे खाडा, हे त्यांना सगळ्या घरांतून माहीत. मी वाचून दाखवलं. त्या पदराला हात पुसत थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘हे पण लिहितात होय, ताई?’’

मी त्यांना ‘थँक्यू’ म्हटलं नव्हतं. आपल्या घरांत ते कुणी कुणाला म्हणत नाही. पाण्याचा तांब्या दिला म्हणून सुनेने सासूला धन्यवाद म्हटलं, तर सासूला वाटेल हिचं काहीतरी बिनसलंय. ‘आभार कसले मानतेस, परकी आहेस का?’ हे वाक्य प्रत्येकाने ऐकलेलं असतं. यावरून मराठी माणूस कृतघ्न आहे असा निष्कर्ष काढणारे भेटतात, आणि मला तो साफ चुकीचा वाटतो. सिमियन फ्लॉइड, निक एनफिल्ड आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली पाच खंडांतल्या आठ भाषांमधली घरातली, शेजारपाजारची रोजची बोलणी तपासली. कुणी काही मागितलं आणि ते मिळालं, अशा प्रसंगांत तोंडाने आभार मानले गेले ते सरासरी वीस वेळांत साधारण एकदा. इक्वेडोरमधल्या चापला भाषेच्या नोंदींत तर एकदाही नाही. इंग्रजी आणि इटालियन बोलणारे आभार जास्त मानत, पण त्यांच्यातही ते प्रमाण सातांत एकाच्या आसपासच होतं. म्हणजे जवळच्या माणसांत न बोलता देणं-घेणं ही बहुतेक जगाची रीत आहे. आठ भाषांत मराठी नव्हती, पण आपली घरं त्या रीतीत चपखल बसतात.

म्हणून अमेरिकेत तयार झालेली कृतज्ञतेची वही जशीच्या तशी इथे उचलू नये, असं माझं मत आहे. क्रिस्टिन लेयस आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली अमेरिकी आणि दक्षिण कोरियाई विद्यार्थ्यांकडून कृतज्ञतेचा तोच सराव करून घेतला, तेव्हा कोरियाई मुलांना त्याचा फायदा बराच कमी झाला. जिथे नाती ऋणाच्या धाग्याने विणलेली असतात, तिथे कुणाचे उपकार आठवायला लागलं की ते फेडायचे राहिल्याची बोचही वर येत असावी. हा माझा अंदाज, पण आपल्याला तो परका नाही. आई-वडिलांबद्दल चार ओळी लिहायला बसा आणि बघा, आधी काय दाटून येतं.

आणखी एक गोष्ट. या सरावांचा परिणाम आहे, पण तो लहान आहे. अनेक प्रयोग एकत्र करून पाहणाऱ्या अभ्यासांत नैराश्य आणि चिंतेवर त्यांचा परिणाम थोडकाच दिसतो. कुणाला नैराश्य असेल तर त्याला ‘चांगल्या गोष्टी आठव’ म्हणणं हा उपचार नव्हे, उलट त्याने त्या माणसाला आपणच कमी पडतोय असं वाटू शकतं. त्याला डॉक्टरकडे न्यायला हवं. तसंच, कैरीबद्दल चौकटीत लिहून मावशींच्या हक्काची रजा भरून निघत नाही. त्या रविवारनंतर मी त्यांना महिन्याला चार भरपगारी सुट्ट्या ठरवून दिल्या. खरं तर ते पहिल्या महिन्यातच करायला हवं होतं.

टिंग झांग आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली एक फार सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी आपल्या त्या दिवसांतल्या साध्या गोष्टी लिहून ठेवायच्या: अलीकडचं एखादं बोलणं, सध्या ऐकत असलेली गाणी, असंच काहीबाही. तीन महिन्यांनी हे वाचायला किती उत्सुकता वाटेल, याचा अंदाजही तेव्हाच द्यायचा. तीन महिन्यांनी वही उघडली तेव्हा प्रत्यक्षात वाटलेली उत्सुकता त्या अंदाजाहून बरीच जास्त निघाली. खास दिवसांपेक्षा साध्या दिवसांबद्दलचा अंदाज जास्त चुकला. खास दिवस आपण जपणार हे आपल्याला माहीत असतं. साधा बुधवार जपण्यासारखा असतो हे लक्षातच येत नाही.

परवा मी गेल्या वर्षीचं कॅलेंडर रद्दीत द्यायला काढलं आणि उभ्याउभ्याच चाळलं. जुलैमधल्या एका बुधवारी लिहिलंय, ‘लाइट गेले. काकू. जिना. कणीस.’ एवढ्यावरून सगळं परत आलं. समोरच्या काकू मेणबत्ती घेऊन आल्या होत्या, घरात उकडत होतं म्हणून आम्ही दोघी जिन्यात बसलो, त्यांनी गॅसवर भाजून आणलेलं एकच कणीस अर्धं अर्धं केलं, आणि लिंबू फिरवताना त्या आपल्या शाळेतल्या नाटकाबद्दल बोलत राहिल्या. दिवाळीनंतर त्या मुलाकडे राहायला गेल्या. त्या नाटकात त्या राजपुत्र झाल्या होत्या, हे या चार शब्दांशिवाय मला कधीच आठवलं नसतं.

त्याच चौकटीत खाली एक फुली आहे. त्या दिवशी मावशी आल्या नव्हत्या. त्यांच्या वस्तीत रात्री पाणी शिरलं होतं आणि सकाळपर्यंत त्या गहू वर उचलून ठेवत होत्या, हे त्यांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं होतं. फुलीशेजारी ते लिहिलेलं नव्हतं. मी कॅलेंडर पुन्हा खिळ्याला लावलं, दोऱ्याचं पेन ओढलं आणि जागा उरली होती तेवढ्यात बारीक अक्षरात ते लिहून टाकलं.