बेने अकिवा

बेने अकिवा ही इस्रायलमधील धार्मिक-राष्ट्रवादी ज्यूंची सर्वांत मोठी युवा चळवळ. स्थापना १९२९, जेरुसलेम; संस्थापक येहिएल एलियाश. तिच्या नावातला ‘बेने’ मराठी वाचकाला परका नाही. कोकणातल्या बेने इस्रायलींच्या नावात तोच शब्द आहे, अर्थ ‘मुले’ किंवा ‘वंशज’. अकिवा हे दुसऱ्या शतकातले धर्मगुरू. परंपरा सांगते, की ते आधी मेंढपाळ होते, चाळिशीत अक्षरे गिरवायला बसले, पुढे बार कोखबाच्या रोमविरोधी उठावाच्या पाठीशी उभे राहिले आणि रोमनांच्या हातून मारले गेले. कष्टकरी, विद्वान आणि बंडखोर असे तिन्ही पैलू एकाच माणसात असल्याने संस्थापकांना दुसरे नाव शोधावे लागले नाही.

चळवळीचे ब्रीद ‘तोरा वा-अवोदा’. तोरा म्हणजे धर्मशास्त्र. ‘अवोदा’ला मराठीत एकच प्रतिशब्द नाही, कारण हिब्रूत त्याचा अर्थ श्रमही होतो आणि उपासनाही. या एका शब्दाचा अर्थ पिढीगणिक कसा सरकत गेला, हे पाहिले तर चळवळीचा इतिहास उलगडतो.

सुरुवातीला अवोदा म्हणजे शेती. धार्मिक झायोनवाद्यांचा, म्हणजे ज्यूंचे स्वतःचे राष्ट्र हवे असणाऱ्या धर्मनिष्ठांचा, मिझराही पक्ष १९०२ पासून होता. त्याच विचाराच्या कामगारांनी १९२२ मध्ये हापोएल हामिझराही उभा केला आणि त्याच्या छायेत ही चळवळ वाढली. बोधचिन्हात धर्माज्ञांच्या पाट्या आहेत, तशा गव्हाच्या ओंब्या आणि शेतीची अवजारेही. तेव्हाच्या सेक्युलर किब्बुत्झवाल्यांना (किब्बुत्झ म्हणजे सामूहिक शेतीची वसाहत) धर्म मागासलेला वाटे, तर जुन्या वळणाच्या रब्बींना, म्हणजे धर्मगुरूंना, किब्बुत्झ हे पाखंड. ही मुले दोघांनाही कृतीने उत्तर द्यायला निघाली. ते सोपे नव्हते. शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत, काम वर्ज्य. पण गायीची कास तटतटलेली असते आणि तिला वार कळत नाही. दूध काढावे का, कुणी, कसे, यावर धार्मिक किब्बुत्झांमध्ये वर्षानुवर्षे खल झाला. धर्मशास्त्र गोठ्यात उतरवण्याची ही धडपड मला चळवळीच्या वारशातला सर्वांत अस्सल भाग वाटतो.

पुढे अवोदात शिक्षण आणि सैन्यही आले. धार्मिक झायोनवादाचे विचारवंत रब्बी अब्राहम कूक यांचे शिष्य मोशे त्झ्वी नेरिया यांनी कफार हारोए येथे येशिवा, म्हणजे धर्मपाठशाळा, काढली आणि तिच्या धर्तीवर चळवळीच्या निवासी शाळांचे जाळे उभे राहिले. ‘हेस्देर’ ही धर्माध्ययन आणि लष्करी सेवा यांची सांगड घालणारी व्यवस्थाही याच वर्तुळात जन्मली.

१९५६ मध्ये दोन्ही मिझराही पक्ष एकत्र येऊन राष्ट्रीय धार्मिक पक्ष (माफदाल) झाला. तो अनेक वर्षे मजूर पक्षाचा सत्तेतला मवाळ भागीदार होता. शब्बाथ, विवाहकायदा, धार्मिक शाळांचे अनुदान हे त्याचे विषय. सीमांचा प्रश्न तो इतरांवर सोडी. या शाळा-शिबिरांतून बाहेर पडलेल्या पिढीला एवढ्यावर समाधान नव्हते. इस्रायलने वेस्ट बँक जिंकलेल्या १९६७ च्या युद्धानंतर, १९४८ मध्ये अरब सैन्यापुढे पडलेल्या तिथल्या कफार एत्झिओन या किब्बुत्झची विस्थापित मुले तरुण होऊन परतली. हनान पोरात त्यांच्यापैकी एक. १९७४ मध्ये गुश एमुनिम ही व्याप्त प्रदेशात ज्यू वस्त्या वसवणारी चळवळ उभी राहिली, तीही सुरुवातीला माफदालमधला गट म्हणून. पक्षात झेवुलुन हॅमर यांचा तरुण गट वरचढ ठरत गेला. डिसेंबर १९७६ मध्ये अमेरिकी लढाऊ विमानांच्या स्वागत समारंभामुळे शब्बाथ मोडला, अशा आक्षेपावरून अविश्वास ठराव आला, माफदालचे मंत्री तटस्थ राहिले आणि मजूर पक्षाचे पंतप्रधान राबिन यांनी त्यांना काढले. १९७७ च्या निवडणुकीनंतर पक्ष उजव्या लिकुदचे नेते बेगिन यांच्या सरकारात गेला. हॅमर शिक्षणमंत्री झाले. पक्षाने मुलांना घडवायचे ठरवले होते. शेवटी मुलांनी पक्षच बदलून टाकला.

आता अवोदाचा अर्थ अनेकांच्या लेखी व्याप्त वेस्ट बँकमध्ये वस्ती करणे असा झाला. आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार या वसाहती बेकायदा आहेत, असे बहुतेक देश मानतात. तिथल्या पॅलेस्टिनींसाठी त्यांचा अर्थ हातची जमीन जाणे. शेजाऱ्याच्या शेतावर अतिक्रमण करणारे काम उपासना कसे ठरेल, हा प्रश्न धार्मिक झायोनवाद्यांतल्या डाव्या प्रवाहानेही विचारला आहे. २०१४ मध्ये तीन इस्रायली मुलांच्या हत्येनंतर बेने अकिवाच्या जागतिक संघटनेच्या तत्कालीन महासचिवांनी उघड सूडाची भाषा केली. चळवळीशी जोडलेल्या लोकांतूनच निषेध झाला, तेव्हा त्यांनी माफी मागितली.

सामान्य मुलासाठी मात्र बेने अकिवा म्हणजे शनिवार दुपारची शाखा, ‘स्निफ’. शब्बाथ असल्याने लिहिणे नाही, वाद्य नाही, फोन नाही. पंधरा-सोळा वर्षांचा मार्गदर्शक गोष्टी, गाणी आणि खेळांवर लहानग्यांना धरून ठेवतो. हिवाळ्याच्या तोंडावर ‘होदेश इर्गून’ हा महिना येतो. भिंती रंगवायच्या, नाच बसवायचे, आणि शुक्रवारच्या सूर्यास्ताआधी ब्रश खाली ठेवायचे, म्हणून आधीच्या रात्री जागून काढायच्या. महिन्याच्या अखेरीस नववीच्या मुलामुलींच्या तुकडीला कायमचे नाव मिळते आणि ते नाव ती आयुष्यभर सांगते. मुले-मुली एकत्र असणे जुन्या रब्बींना खटकत होतेच. त्याच मुद्द्यावर १९८० च्या सुमारास ‘एरिएल’ ही वेगळी संघटना निघाली. माफदाल २००८ मध्ये विसर्जित होऊन ‘ज्यूइश होम’ पक्षात मिसळला. शाखा अजूनही दर शनिवारी भरतात.