घरात निसटलेला पाळीव साप कसा शोधावा

पेटी रिकामी दिसली तरी आधी पेटीच नीट तपासा. भुशाखाली, पाण्याच्या भांड्याखाली किंवा झाकणाच्या खोबणीत अंग चोरून बसलेला साप पटकन नजरेस पडत नाही. तिथे नसेल तर खोलीचं दार लावा, दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबा, मोरीच्या जाळीवर वजन ठेवा आणि कमोडचं झाकण पाडा. डोकं शिरेल त्या फटीतून बहुधा अख्खा साप जातो, म्हणून ‘एवढ्याशा फटीतून कसा जाईल’ असं म्हणून कुठलीही जागा वगळू नका.

बॉल पायथन असो की कॉर्न स्नेक (घरी पाळल्या जाणाऱ्या दोन बिनविषारी जाती), त्याला अंग दोन्ही बाजूंनी टेकेल अशी अंधारी जागा आणि सोसेल असं तापमान हवं असतं. उघड्या फरशीवरून जाण्यापेक्षा तो भिंतीच्या कडेने सरकतो. त्याच्या शरीराची ऊब बाहेरून येते, म्हणून नाशिकमध्ये शोध ऋतू पाहून घ्यावा. डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांखाली उतरतो तेव्हा फ्रिजच्या कॉम्प्रेसरमागे, इन्व्हर्टरजवळ, सेट-टॉप बॉक्सखाली बघा. एप्रिल-मेच्या उकाड्यात सिंकखाली, माठाच्या तिवईमागे, बाथरूमच्या कोपऱ्यात. थंडीतला शोध जास्त घाईचा असतो: बॉल पायथनला ३१ ते ३३ अंशांचा उबदार कोपरा लागतो, आणि गारठ्यात दिवस काढले तर त्याच्या श्वसनमार्गाला संसर्ग होऊ शकतो.

सोफ्याखालचं फाटलेलं कापड, दिवाणाचा खण, ड्रॉवरमागची पोकळी, पुस्तकांच्या पाठीमागची जागा, गाद्यांची चळत, बूट. पंचवटीतल्या जुन्या वाड्यात माळा आणि तक्तपोशीच्या फटीही आल्या, कारण कॉर्न स्नेक चढण्यात तरबेज असतो. फ्रिज आणि वॉशिंग मशीनचे प्लग काढून मगच ती सरकवा. दुमडणारा सोफा किंवा पलंग तपासल्याशिवाय मिटू नका. साप चिरडला जातो.

हात घालण्याआधी प्रत्येक ठिकाणी टॉर्च मारा. नाशिक परिसरात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चारही विषारी साप आढळतात, आणि शहराच्या कडेला शेतं-द्राक्षबागांना लागून असलेल्या घरात ही शक्यता जास्त. बॉल पायथनवरचे तपकिरी ठिपके घाईत घोणशीसारखे भासू शकतात. घोणशीच्या पाठीवर साखळीसारख्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन ओळी असतात आणि ती कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार टाकते. बॉल पायथन घाबरला की डोकं आत घेऊन चेंडूसारखा गोळा होतो. खात्री नसेल तर लांबूनच नजर ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा. दंश झालाच तर ओळख पटवत बसू नका, थेट सरकारी जिल्हा रुग्णालय गाठा.

दिवसा सापडला नाही तर खरी संधी रात्री असते, कारण दोन्ही जाती अंधार पडल्यावर हलतात. दारांच्या उंबऱ्यावर गव्हाच्या पिठाचा पातळ थर पसरा. सकाळी सरपटल्याची रेघ दिसली की तो कोणत्या खोलीत गेला ते कळतं. भिंतीलगत चुरगळलेल्या प्लास्टिक पिशव्या ठेवा, त्यांची सळसळ शांत घरात ऐकू येते. एका कोपऱ्यात एका बाजूला भोक पाडलेला खोका उलटा ठेवा, आत कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी आणि शेजारी पाण्याचं पसरट भांडं. दर दोन-तीन तासांनी पिशवी बदला, नाहीतर ती गार पडून खोका निरुपयोगी होतो.

उंदरांचे चिकट सापळे मात्र आधीच उचलून टाका. त्यात अडकलेला साप ओढला तर त्याची कातडी सोलवटते. खाद्यतेल चोळून हळूहळू सोडवावा लागतो. फिनेल किंवा डांबराच्या गोळ्यांनी साप बाहेर येत नाही, त्यांच्या वाफा त्यालाच अपाय करतात.

निरोगी प्रौढ बॉल पायथन अन्नावाचून कित्येक आठवडे तग धरतो, म्हणून पहिल्या आठवड्यात सापडला नाही तरी रात्रीची तपासणी चालू ठेवा. सापडल्यावर त्याला पेटीत ठेवून पाणी द्या आणि हळूहळू ऊब येऊ द्या. तोंडाशी बुडबुडे किंवा श्वासाला घरघर असेल तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याला दाखवा. खायला पाच ते सात दिवसांनी द्या; गारठलेल्या सापाला भक्ष्य पचत नाही आणि तो ते उलटून टाकतो.