श्रद्धावान लेखकाची प्रत्येक कथा रूपककथाच असते का?

ख्रिस्ती लेखकाची कल्पितकथा म्हणजे वेषांतर केलेले प्रवचन आणि तिच्यातील प्रत्येक पात्रामागे एकेक धर्मतत्त्व दडलेले, असा समज फार जुना आहे. तो अगदीच निराधार नाही: १६७८ साली इंग्लंडमध्ये छापलेल्या ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’ या जॉन बन्यनच्या पुस्तकात नायकाचे नावच ‘ख्रिश्चन’ आहे आणि त्याच्या पाठीवरचे ओझे क्रुसापाशी गळून पडते. मात्र हे रूपककथेचे, म्हणजे जिच्यातील पात्रे ठरावीक तत्त्वांची प्रतीके असतात अशा कथेचे, लक्षण आहे, लेखकाच्या श्रद्धेचे नव्हे. पडताळायचे झाल्यास एक पात्र निवडावे आणि त्याला आपण चिकटवलेला अर्थ शेवटच्या पानापर्यंत लावून पाहावा; रूपककथेत तो टिकतो, एरवी पात्र स्वतःच्या स्वभावाने चुकते, वाट बदलते आणि अर्थ (बहुधा लवकरच) निसटतो. लेखकाची पत्रे आणि निबंधही पाहावेत, पण कथा वाचून झाल्यावर.