ओढता गोल गाठ रॅपर : निवड (इंदूर परिसर)

ओल्या चाऱ्याच्या गोल गाठींवर ताणलेल्या प्लास्टिक फिल्मचे थर चढवणारे, ट्रॅक्टरमागे ओढायचे यंत्र. फिल्ममुळे गाठीत हवा शिरत नाही, लॅक्टिक आम्ल तयार होते आणि चारा मुरतो. कोरड्या चाऱ्याला त्याचा उपयोग नाही. गव्हाची नरवाई (कापणीनंतर शेतात उरलेले काड) न जाळता तिच्या गाठी बांधल्या, तर त्या पावसापासून झाकल्या की झाले. त्यासाठी रॅपर घेणे म्हणजे पैसे पाण्यात.

घेण्याआधी एकच प्रश्न सोडवावा लागतो: गाठ शेतात गुंडाळायची की गोठ्यापाशी? सोयाबीनची धसकटे टोकदार असतात आणि त्यांवर टेकलेली गाठ हमखास भोकसते. शिवाय गुंडाळलेली गाठ साध्या काट्यांनी उचलता येत नाही, पकडीचा लोडर लागतो. म्हणून सांवेर-देपालपूरकडच्या बहुतेक शेतांत गाठी आधी उघड्याच आणून रचायच्या जागी गुंडाळणे शहाणपणाचे. तसे करायचे असेल, तर ट्रॅक्टरच्या मागच्या तीन सांध्यांवर बसणारा साधा रॅपर पुरतो. ओढता रॅपर शोभतो तो पाच-सहा ठिकाणी विखुरलेली जमीन असलेल्यांना किंवा भाड्याने काम करणाऱ्यांना.

ओढत्या यंत्राचा ड्रॉबार (ट्रॅक्टरला जोडायचा दांडा) एका बाजूला सरकतो, त्यामुळे ट्रॅक्टर गाठीच्या शेजारून जातो आणि बाजूचा हात गाठ उचलून फिरत्या टेबलावर ठेवतो. १.२ मीटर व्यासाची तितकीच रुंद ओली गाठ साधारण ६०० ते ८०० किलोंची. उचलताना हा सगळा भार त्या बाजूच्या चाकावर येतो, तेव्हा ते चाक बाहेर सरकवता येते का आणि टायर रुंद आहे का, हे आधी पाहावे. माळव्याच्या काळ्या जमिनीत सप्टेंबरात अरुंद टायर रुततात. रब्बीतल्या ओट (जई) आणि बरसीम या चारापिकांच्या वेळी ही अडचण नसते. ऊनही चांगले असल्याने चारा कापून सुकवता येतो. बरसीम मात्र नीट सुकवल्याशिवाय बांधूच नये: पाणी फार, साखर कमी, चारा सडतो. कुट्टी केलेला मका साध्या बेलरमध्ये (गाठी बांधणाऱ्या यंत्रात) बांधला जात नाही, त्याला वेगळे यंत्र लागते.

ताकदीची चिंता नको. रॅपर हायड्रोलिकवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या तेलाच्या दाबावर चालतो. पाहायचे ते तेलाचा प्रवाह आणि ट्रॅक्टरवरची तेलाची मोकळी जोडणी.

खरा कस फिल्मच्या ताणाचा. ५०० मिमी रुंदीपेक्षा ७५० मिमीच्या फिल्मने काम लवकर उरकते. फिल्म २५ मायक्रॉनची असते आणि बहुतेक यंत्रे ती ५५ किंवा ७० टक्के ताणतात. तपासायला रोलवर १० सेंमीची खूण करावी; ७० टक्के ताणाच्या यंत्रात ती गाठीवर १७ सेंमी भरली पाहिजे. थर मोजायचे तर गाठ पूर्ण झाकेपर्यंत टेबलाचे फेरे मोजावेत, त्यांत एक मिळवावा आणि चार थरांसाठी दुप्पट, सहांसाठी तिप्पट करावी. माळव्याच्या उन्हाळ्यात चारांवर भागवू नये, सहाच द्यावेत. काळ्यापेक्षा पांढरी फिल्म कमी तापते. मालक इंदूर शहरातल्या रामबागेत आणि ट्रॅक्टर देपालपुरात, अशी व्यवस्था असलेल्या मराठी घरांनी फेरे आपोआप मोजणारे आणि फिल्म संपली किंवा तुटली की थांबणारे यंत्रच घ्यावे. दोन थर कमी पडल्याचे गाठ फोडेपर्यंत कळत नाही, आणि फोडल्यावर बुरशीच हाती येते.

गाठ खाली सोडताना ती सपाट बाजूवर उभी करणारी जोड असली तर उत्तम, कारण त्या बाजूंवर फिल्म सर्वांत जाड बसते. रॅपर बेलरच्या मागोमाग, त्याच दिवशी चालला पाहिजे.

जुने यंत्र घेताना रंगाकडे न पाहता ताण देणाऱ्या रोलरांवर हात फिरवावा. फिल्मचा चिकट डिंक साचलेला असेल, तर तो रॉकेलने निघतो. रोलर हाताने फिरवताना खरखरला तर बेअरिंग गेलेले असते.